भाच्याचं हाड

निनादचं लग्न झालं आणि त्याच मांडवात मी पडले, ते साल दोन हजार एकोणचाळीस. वैशाख होता. विहिरीवरून कळशी घेऊन येताना अंगणात सांडलेल्या हळदीच्या पाण्यावरून माझा पाय सरकला. डाव्या मांडीचं हाड तीन ठिकाणी मोडलं. वऱ्हाड पंगतीला बसलेलं, आणि मला चार जणांनी उचलून गाडीत घातलं. माझी भावजय रंजना, म्हणजे नवऱ्यामुलाची आई, हातातली भाताची परात तशीच घेऊन गाडीपाशी आली आणि म्हणाली, "वन्सं, आजचाच दिवस सापडला होय तुम्हाला?"

आम्हा दोघींचं बोलणं असंच असायचं. लग्नाच्या चौथ्या वर्षी माझा नवरा तापाने गेला आणि मी माहेरी कुरणबंदरला परत आले. तेव्हापासून खाडीच्या खडपावर, म्हणजे काठच्या खडकांवर, कालवं काढली. सुकतीला, पाणी ओसरलं की जायचं, कोयतीने शिंपला फोडायचा, मांस काढून डब्यात टाकायचं. धाकटा भाऊ दत्ताराम होता तोवर मला कुणी काही म्हणत नसे. तो गेल्यावर रंजना म्हणू लागली. मीही ऐकून घेणारी नव्हते. एका चुलीवर दोन बायका, मध्ये एकुलता एक मुलगा निनाद. तो दोघींचंही ऐकायचा आणि दोघींनाही हसायचा.

तो चौथीत असताना साथीमुळे शाळा बंद पडल्या. घरात बसून पोर कंटाळलं आणि त्याने मला धरलं. मी एकोणपन्नास वर्षांची, अंगठा उठवणारी बाई. "आत्ये, तू माझी शाळा," म्हणाला. पाटी नव्हती, म्हणून दोनशे पानी वही घेतली. पहिल्या पानावर त्याने माझ्याकडून घरातल्या माणसांची नावं लिहून घेतली, प्रत्येकाच्या पुढे जन्मतारीख. माझी कुणाला ठाऊक नव्हती, तर त्याने आपल्या मनाने एक जून घातली. "शाळेत सगळ्यांची हीच असते," म्हणाला. पुढे दत्ताराम गेला तेव्हा त्याच्या ओळीपुढे मीच मृत्यूची तारीख लिहिली. ती वही अजून माझ्यापाशी आहे.

रत्नागिरीच्या इस्पितळात हाडांच्या डॉक्टर होडेकर म्हणून तरुण बाई होत्या. त्यांनी माझ्या हातात एक पांढरी, हलकी वस्तू ठेवली.

"ओळखता का, आजी?"

"माकूल मासळीच्या पाठीतलं आहे. लाटेबरोबर वाहून येतं. लहानपणी आम्ही ह्याच्या होड्या सोडायचो."

"आता ह्याचं हाड करायचंय."

मला वाटलं थट्टा करतात. मग त्यांनी भिंगाखाली ते कापून दाखवलं. आत मजल्यावर मजले, मधे बारीक बारीक खांब. इतक्या खोल्या मुंबईच्या चाळीतही नसतील. डॉक्टर म्हणाल्या, "माणसाचं हाडही आतून असंच पोकळ आणि खोल्याखोल्यांचं असतं. फक्त ह्याचा चुना वेगळा आणि हाडाचा वेगळा. आम्ही हे दाबाच्या भांड्यात औषधी पाण्यात उकळतो. खोल्या तशाच राहतात, चुना तेवढा हाडाचा होतो. मग त्या खोल्यांत हाड बांधणाऱ्या जिवंत पेशी राहायला पाठवायच्या. त्या आत नवं हाड बांधतात, रक्ताच्या वाहिन्या येतात, आणि वर्षभरात मूळची जाळी विरघळून जाते. घर बांधून झालं की परांची काढतात ना, तसं."

"मग अडचण काय आहे?"

"तुमच्या पेशी अडुसष्ट वर्षांच्या आहेत. कामाला ढिल्या. तुमचं हाड तीन बोटं चुरा झालंय, तेवढं त्या भरून काढणार नाहीत. रक्ताच्या नात्यातलं कुणी तरुण असेल तर त्याच्या कमरेच्या हाडातून मगज घेता येईल. तुमच्या शरीराला परकं कळू नये म्हणून त्या पेशींवरची ओळखीची खूण आम्ही पुसतो. ही पद्धत नवी आहे. चार वर्षं झाली. पुढचं आम्हालाही सगळं ठाऊक नाही."

शेवटचं वाक्य त्या प्रामाणिकपणे बोलल्या. तेव्हा कुणी त्याकडे लक्ष दिलं नाही.

निनाद अठ्ठावीस वर्षांचा. मालवाहू बोटीवर इंजिनात काम करायचा आणि तेव्हा सुट्टीवर होता. हातावरची मेंदी उतरली नव्हती. तो म्हणाला, "घ्या माझं." रंजना म्हणाली, "नव्या नवरदेवाच्या कमरेत सुया कसल्या खुपसता?" तो तिला म्हणाला, "आई, लोक म्हणतात ना, आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं. आता बघू फुटतात का."

नर्ससुद्धा हसली. त्याची बायको ऋतुजा दारात उभी होती, सासरी येऊन तिला सहा दिवस झाले होते. तीही हसली. तिचं पहिलं हसू मी तिथे पाहिलं.

चार महिन्यांत मी काठीशिवाय चालू लागले. डॉक्टरांनी चित्र दाखवलं. चुऱ्याच्या जागी सलग हाड होतं, माझ्या बाकीच्या हाडापेक्षा दाट, पांढरंशुभ्र. निनाद नारळी पौर्णिमेनंतर बोटीवर गेला. जाताना माझ्या मांडीवर टिचकी मारून म्हणाला, "सांभाळ गो, माझी वस्तू आहे."

पुढची अडीच वर्षं तो येत राहिला, जात राहिला. मग बेचाळीस सालच्या माघात कंपनीचा फोन आला. आफ्रिकेच्या पश्चिमेला, खूप खाली, त्यांची बोट वादळात होती. संध्याकाळच्या हजेरीला निनाद होता, सकाळच्या नव्हता. तिथली संध्याकाळ आठ तारखेची, पण तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटून नऊ लागली होती. दोन दिवस त्यांनी पाणी शोधलं. काही मिळालं नाही.

रंजना रडली नाही. फोन कानाला लावून ती पलीकडच्या माणसाला पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, "पण बघितलं कुणी? पडताना कुणी बघितलं?" कुणी बघितलं नव्हतं.

महिन्याने जोशी भटजी आले. म्हणाले, देह मिळाला नाही तर शास्त्रात सोय आहे. पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्यालाच अग्नी द्यायचा आणि पुढचं दिवसकार्य करायचं. "मात्र," ते म्हणाले, "एखादी जरी अस्थी मिळत असेल तर पुतळा चालत नाही. अस्थीच लागते."

रंजना भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "अस्थी आहे की. वन्संच्या मांडीत."

भटजींनी माझ्याकडे पाहिलं. मी पाय आखडून घेतला. ऋतुजाने त्यांना सगळं समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी पंचांग मिटलं. म्हणाले, "जिवंत बाईच्या अंगातली अस्थी... ह्याबद्दल मला काही सांगता येणार नाही. मी पैठणला विचारतो." त्यांनी खरंच विचारलं. पैठणहून उत्तर आलं, की नाशिकला विचारा.

रंजना मला घेऊन डॉक्टर होडेकरांकडे गेली. त्यांनी मांडीत सुई घालून चिमूटभर हाड काढलं, तपासलं आणि दुपारी सांगितलं, "त्या जागी शंभर पेशी घेतल्या तर सत्तर निनादच्या आहेत."

"जिवंत?" रंजनाने विचारलं.

"पेशी ना? हो, जिवंत आहेत."

डॉक्टर पुढे बरंच काही बोलल्या. रंजनाने 'जिवंत आहेत' एवढे दोन शब्द घेतले आणि ती उठली. परतताना एसटीत तिने माझी पिशवी स्वतःकडे घेतली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

त्या दिवसापासून आमच्या घरात निनाद जिवंत होता.

रोज सकाळी रंजना खोबरेल कोमट करायची आणि माझी डावी मांडी चोळायची. डावीच. उजवी दुखते म्हटलं तर म्हणायची, "ती तुमची आहे, तुम्ही बघा." सुरमईची मधली तुकडी माझ्या ताटात पडू लागली. मी पायरी उतरले की मागून हाक यायची, "हळू ठेवा पाय! दुसऱ्याची वस्तू आहे ती." त्याच्या वाढदिवसाला तिने मला पाटावर बसवलं, लुगडं गुडघ्यावर घ्यायला लावलं, मांडीला कुंकू लावलं आणि निरांजन ओवाळलं. ऋतुजा समोर होती. ती उठून मागच्या पडवीत गेली आणि भांडी घासत बसली. ती भांडी आधीच घासलेली होती.

मला काय वाटत होतं ते नीट सांगता येत नाही. आत काही वेगळं जाणवायचं का, असं लोक विचारायचे. नाही. स्वप्नात निनाद येत नव्हता, पाय समुद्राकडे ओढ घेत नव्हता. पाऊस यायच्या आधी दुखायचा, तो उजवाही दुखायचा. पण एक गोष्ट खरी. जन्मात कुणी माझ्या पायाला हात लावला नव्हता. एकाहत्तराव्या वर्षी रोज सकाळी कुणीतरी तेल लावत होतं आणि मी डोळे मिटून बसत होते. ते माझ्यासाठी नव्हतं हे कळत होतं. तरी आवडत होतं.

म्हणूनच मी गप्प राहिले.

चव्वेचाळीस सालच्या पावसाळ्यात तपासणीला गेले ती एकटीच. रंजनाला ताप होता. डॉक्टरांनी पुन्हा सुई घातली आणि म्हणाल्या, "आजी, आता चाळीस."

"चाळीस काय?"

"शंभरात चाळीस त्याच्या. साठ तुमच्या."

मी म्हटलं, चोरी झाली की काय? त्या हसल्या नाहीत. खुर्ची जवळ ओढून बसल्या.

"हाड म्हणजे दगड नव्हे. ते सारखं मोडत आणि बांधलं जात असतं. हाड खाणाऱ्या पेशी असतात आणि बांधणाऱ्या असतात. तुम्ही चालता तेव्हा हाडाला बारीक बारीक भेगा पडतात. खाणाऱ्या येऊन ती जागा साफ करतात, मागून बांधणाऱ्या येऊन भरतात. आपला सगळा सांगाडा असा दहाएक वर्षांत बदलून जातो. आम्हाला वाटलं होतं, तरुण पेशी आपली जागा सोडणार नाहीत. पण नव्या बांधणाऱ्या पेशी शेजारच्या हाडातून येतात. शेजार तुमचा आहे."

"मग त्या ढिल्या होत्या ना?"

"होत्या. एकदम एवढा मोठा चुरा भरणं त्यांना झेपत नव्हतं. रोजची थोडी डागडुजी झेपते. रस्ता तयार मिळाला की म्हातारी माणसंसुद्धा चालतात."

"म्हणजे मी चालते तसा तो कमी होतो?"

डॉक्टर म्हणाल्या, "वैद्यकात असं म्हणत नाहीत. पण हो."

घरी आल्यावर रंजनाने पांघरुणातून विचारलं, "काय म्हणाल्या?" मी म्हटलं, "छान आहे म्हणाल्या." तिने हात जोडले.

आठ दिवसांनी ऋतुजा माझ्याबरोबर खडपावर आली. ती तालुक्याला रक्त तपासायच्या केंद्रात नोकरीला होती, रविवारी घरी असायची. मी कालवं फोडत होते, ती डबा धरून होती. तिथे आमचं बोलणं ऐकायला खेकड्यांशिवाय कुणी नव्हतं.

"आत्या, कुडाळचा एक मुलगा आहे. आमच्याच केंद्रात. अविनाश. त्याने विचारलंय."

मी कोयती चालवत राहिले.

"आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, नवरा जिवंत असताना बाई दुसरं लग्न करते का? मी काय बोलू?" तिने डबा खाली ठेवला. "हळदीकुंकवाला बायका माझ्यापाशी येऊन थबकतात. करंडा पुढे करू की नको त्यांना कळत नाही. एक मेली पुढे करते, दुसरी तिला कोपर मारते. मला तरी कुठे कळतंय? मी सवाष्ण आहे की विधवा? कुणीतरी एक सांगा, मी ते होते. तीस वर्षांची आहे मी, आत्या. तीन सुट्ट्यांचा संसार झाला माझा. सगळे दिवस धरले तर सात महिने भरत नाहीत."

"तुला काय वाटतं? तो कुठे आहे?"

"मला रडायचंय," ती म्हणाली. "पण रडले की आई म्हणतात, अभद्र करू नको."

मी हातातलं कालव उघडलं, त्यात शिंपल्याचे पापुद्रे एकावर एक होते, दरवर्षीचा एक. माझ्या गप्प राहण्याने एका मुलीची दोन वर्षं अशीच थरावर थर चढून बंद झाली होती. हाड माझ्याकडे होतं, म्हणजे बोलायचंही मलाच होतं.

घरी येऊन मी पाय धुतले आणि चुलीपाशी गेले.

"रंजना, तो कमी होतोय."

"कोण?"

"डॉक्टर म्हणाल्या, शंभरात चाळीस. तेव्हा सत्तर होता. मी तुला खोटं सांगितलं."

तिने तव्यावरची भाकरी उलटली नाही. ती करपेपर्यंत ती माझ्याकडे बघत होती.

"कशाने कमी होतो?"

"चालल्याने. माझं हाड त्याच्या जागी येतं."

"आणि हे ठाऊक असून तुम्ही खडपावर गेलात? आज? आत्ता?"

"गेले."

"माझ्या पोराला पायाखाली तुडवायला गेलात?" ती उठली, माझा दंड धरला आणि मला पडवीतल्या खाटेवर बसवलं. ओरडली नाही. "बसा. आजपासून उठायचं नाही."

आणि मी बसले. ऋतुजा म्हणाली, आत्या, हा वेडेपणा आहे. होताच. पण एका आईला तिचा मुलगा कमी होतोय असं सांगून वर मी चालायला जाणार होते का? त्या वेळी मला तरी तसं जमलं नाही. गणपती गेले, दिवाळी गेली. रंजना सगळं खाटेवर आणून द्यायची. भांडं द्यायची, न्यायची, अंग पुसायची. तिची स्वतःची पाठ वाकली. अविनाशला ऋतुजाने थांब म्हणून सांगितलं, मग नुसतं बघू म्हणून सांगितलं. माझी मांडी हाताच्या दंडाएवढी झाली. रंजना तेल लावायची आणि म्हणायची, "बघा, आता कसा शांत आहे."

शिमग्याला देवाची पालखी दारात आली. सगळं गाव दारात, ढोल वाजतोय. देव दारात असताना खाटेवर बसून कसं राहायचं? मी उठले, वाकले, आणि मांडीत काहीतरी चिरल्यासारखं झालं. पालखी खांद्यावर घेतलेल्या माणसांनीच एका हाताने मला धरलं.

डॉक्टर होडेकरांनी दोन चित्रं शेजारी लावली. पहिल्यात हाड पांढरं होतं. दुसऱ्यात जुन्या जाळ्यासारखं विरविरीत, मधून एक काळी रेघ.

"काय केलंत हे?" त्या माझ्याकडे नाही, रंजनाकडे बघत म्हणाल्या.

"बसवून ठेवलं," रंजना म्हणाली. "चालल्या की तो जातो म्हणालात ना?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, ज्या हाडावर भार पडत नाही ते शरीराला नको असतं. मग खाणाऱ्या पेशी तेवढ्या काम करतात, बांधणाऱ्या येतच नाहीत. सहा महिन्यांत ह्यांचंही गेलं आणि त्याचंही गेलं."

"बसवून ठेवला तरी जातो?"

"लवकर जातो."

"आणि चालवलं तर?"

"तर हाड राहील. पण हळूहळू सगळं ह्यांचं होईल."

"तुम्ही लोकांनी तरी आधी ठाऊक नसताना कशाला केलंत?"

"ह्यांना चालता यावं म्हणून," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "ते तेवढंच डोळ्यांपुढे होतं. बाकी चुकलंच."

रंजना बराच वेळ त्या दोन चित्रांकडे बघत होती. मग तिने विचारलं, "खाल्लेलं हाड जातं कुठे?"

"रक्तात विरघळतं. थोडं पुन्हा नव्या हाडात लागतं. उरलेलं लघवीवाटे जातं."

रंजनाने माझ्याकडे पाहिलं. सहा महिने रोज सकाळी तीच भांडं घेऊन जात होती, माडाच्या मुळाशी ओतत होती. तिचा चेहरा वाकडा झाला. मला वाटलं, आता रडते. ती हसली. तोंडाला पदर लावून हसली, खांदे हलेपर्यंत. "म्हणजे वन्सं," ती म्हणाली, "विसर्जन रोज चालूच होतं. मीच करत होते." मलाही हसू आलं. डॉक्टर घाबरून पाणी आणायला उठल्या. त्या पाणी घेऊन आल्या तेव्हा रंजना रडत होती. तीन वर्षांनी.

हाडाची चीर भरायला सहा आठवडे गेले. चालायचं, पण चौपायी काठी धरून, इतकीच डॉक्टरांची अट होती. घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर रंजना खाटेपाशी आली. हातात तेल नव्हतं.

"उठा. पाय टाका."

"रंजना, नीट विचार केलास का?"

"विचार करून काय मिळालं आजवर? टाका पाय."

पहिल्या दिवशी पडवीच्या टोकापर्यंत गेलो. आठवड्याने तुळशीपर्यंत. प्रत्येक पावलाला ती माझ्या डाव्या पायाकडे बघायची. एकदा मी म्हटलं, नुसतं बघत राहू नकोस गो, मला पाऊल टाकवत नाही. तर म्हणाली, "त्याला चालायला मीच शिकवलं. अंगणात, ह्याच जागी. तेव्हा पुढे उभी राहून बोलवायची, आता मागे उभी आहे. तुम्ही चाला."

अकराव्या दिवशी तिने सुकतीची वेळ बघितली आणि मला खाडीवर नेलं. ऋतुजाही आली. वाळूतून चालायला मला अर्धा तास लागला. पाण्यात घोट्याएवढे गेलो. रंजना वाकली, ओंजळीत पाणी घेतलं आणि माझ्या डाव्या मांडीवर सोडलं. तीन वेळा. मंत्र नव्हता, भटजी नव्हते. पाणी पायावरून खाली जाऊन खाडीला मिळालं. ऋतुजा मोठ्याने रडली, आणि तिला कुणी गप्प केलं नाही.

परतताना रंजना पुढे चालू लागली. मागे वळून म्हणाली, "वन्सं, उद्यापासून एकटीने यायचं. मला कामं आहेत."

त्यानंतर तिने मला कधी तेल लावलं नाही. सुरमईची मधली तुकडी पुन्हा फिरती झाली, ज्याच्या ताटात पडेल त्याची.

वैशाखात तिने स्वतः जोशी भटजींना बोलावलं. त्यांनी विचारलं, "अस्थीचं काय ठरलं?" रंजना म्हणाली, "चालून चालून संपत आली. तुम्ही पुतळा करा." भटजींनी पळसाची पानं मोजून घेतली आणि आणखी काही विचारलं नाही. ऋतुजाचं लग्न ज्येष्ठात कुडाळला झालं. आम्ही दोघी गेलो होतो. मी मांडवात कळशीला हात लावला नाही.

आज माझ्या मांडीत निनाद किती आहे, मला माहीत नाही. तपासणीला जाते तेव्हा डॉक्टर होडेकर विचारतात, सुई घालून बघू का? मी नको म्हणते. शंभरात वीस असेल, दहा असेल. मी चालते तो माझा पाय की त्याचा, हे मला पहिल्या दिवशी कळत नव्हतं, आजही कळत नाही. रोज सकाळी खडपावर जाते. कालवं काढून होत नाहीत आता, नुसती जाऊन येते.

काल ऋतुजाचा निरोप आला, कुठल्याशा कागदासाठी निनादची तारीख हवी आहे. रंजना म्हणाली, "तुमच्या वहीत बघून सांगा." मी वही काढली. त्याच्या नावापुढे जन्मतारीख होती, चौथीतल्या त्याच्या अक्षरात, कारण माझ्याने ती त्या वेळी नीट लिहवली नव्हती. पुढची जागा रिकामी होती. रंजना शेजारी येऊन बसली. आठ की नऊ, मी विचारलं. तिने बोटांवर मोजलं आणि म्हणाली, "नऊ लिहा. त्या दिवशी संकष्टी होती. मी चंद्र बघून जेवले होते."

मी लिहिलं. निनाद दत्ताराम डोर्लेकर, कुरणबंदर. रविवार, दिनांक नऊ फेब्रुवारी दोन हजार बेचाळीस रोजी समुद्रात वारला.